गल्लीतल्या पुस्तकाच्या दुकानाचं रूप कसं पालटावं

हे मार्गदर्शन ज्यांच्या घरात आधीच पुस्तकाचं दुकान आहे त्यांच्यासाठीच आहे. नसेल तर इथंच थांबा. आधी दुकान काढा, पंचवीस-तीस वर्षं चालवा, वरच्या फळीवर न खपलेल्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा गठ्ठा साठू द्या, उधारीची वही फुगू द्या आणि मग या. रूप नसलेल्या गोष्टीचं रूप पालटता येत नाही.

दुकान इंदूरच्या राजेंद्र नगरात आहे असं धरून चालू. इथं मराठी घरं इतकी की भाजीवाला ‘काकू’ म्हणून हाक मारतो आणि भाव हिंदीत सांगतो. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली याच शहरात झाला, म्हणून त्यांच्या नावाचं सभागृहही इथं आहे. दुकानाला आपण ‘अमुक बुक डेपो’ म्हणू, म्हणजे वाद कुणाच्या दारात जायला नको. बोर्डावर नावाखाली बारीक अक्षरांत ‘शालेय पुस्तके, कॉपी, स्टेशनरी, झेरॉक्स’ असं लिहिलेलं आहे. ही बारीक ओळ लक्षात ठेवा. पुढं सगळं भांडण तिच्यावरूनच होणार आहे.

तुम्ही बहुधा मालकांची मुलगी आहात. (मुलगा, सून, पुतण्या यांनाही याच सूचना लागू.) शिकायला पुण्याला किंवा बंगळुरूला होतात, सुट्टीत घरी आलात, रिक्षातून उतरलात आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच दुकानाकडं गिऱ्हाइकाच्या नजरेनं पाहिलंत. फ्लेक्सवरचा लाल रंग उडून गुलाबी झालेला. डाव्या कोपऱ्यात सरस्वती, उजव्या कोपऱ्यात एका मोबाइल कंपनीची जाहिरात, आणि ती कंपनीही बुडून गेलेली. रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, “बाबा, आपल्याला ब्रँडिंगची गरज आहे.” बाबा म्हणाले, “गरज काउंटरवर दुसऱ्या ट्यूबलाइटची आहे.” इथून पुढं वाचा.

पूर्वतयारी

लागणारं साहित्य: दोनशे पानी वही (दुकानातलीच घ्या, पण पैसे गल्ल्यात टाका, आई बघते आहे), मोजायची टेप, फोन, आणि बाबांची दुपारची झोप, म्हणजे दीड ते चार. सगळी मोजमापं याच वेळात उरकायची.

खर्चाचा अंदाज आधी बांधा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. सप्टेंबर २०२५पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबरही शून्यावर आले. डिझायनरच्या बिलावर मात्र १८ टक्के लागतात. म्हणजे सरकारच्या लेखी ज्ञान करमुक्त, आणि ज्ञानाच्या दुकानाचं बोधचिन्ह ही चैन. हा हिशेब बाबांना सांगायला जाऊ नका. ते तो करूनच बसलेले असतात.

पायरी पहिली: दुकानाचा स्वभाव ओळखणे

ब्रँडिंगवरच्या पुस्तकांत सांगितलेलं असतं की, मालकाला बसवून घ्या आणि दुकानाचं वर्णन तीन शब्दांत करायला सांगा. करून पाहा. बाबांचे तीन शब्द तयार आहेत: ‘उधारी बंद आहे’. गल्ल्याच्या वर ही पाटी आहे आणि गल्ल्याच्या खाली उधारीची वही. या दोहोंच्या मधल्या जागेत दुकान चालतं. यापेक्षा नेमकं वर्णन तुम्हाला कुठल्याही सल्लागाराकडून मिळणार नाही, तेव्हा ते वहीत उतरवून पुढं चला.

आता काही दिवस काउंटरमागच्या स्टुलावर बसा आणि लोक फोनवर पत्ता कसा सांगतात ते ऐका. “गिरणीच्या बाजूचं.” “कालनिर्णय मिळतं ना, ते.” “ते काका, पहिले चष्मा शोधतात मग पुस्तक, त्यांच्याकडे.” ‘अमुक बुक डेपो’ हे शब्द कुणाच्याच तोंडून येणार नाहीत. ते फक्त विजेच्या बिलावर असतात. नवशिक्याला इथं धक्का बसतो. बसू नये. मुंबईत गिरगावातल्या ‘मॅजेस्टिक बुक स्टॉल’ला त्याचं नाव शेजारच्या मॅजेस्टिक सिनेमावरून पडलं. हे तेच थिएटर, जिथं १९३१ साली ‘आलम आरा’ लागला होता. पुढं थिएटर पाडलं गेलं. केशवराव कोठावळ्यांच्या दुकानाचं नाव मात्र राहिलं, त्याचं प्रकाशन झालं, ‘ललित’ मासिक निघालं. आज ते नाव घेताना कुणाला सिनेमा आठवत नाही. शेजाऱ्याच्या नावावर एवढं मोठं घराणं उभं राहू शकतं, तर गिरणीची लाज कशाला?

उलटा दाखला हवा असेल तर ब्रिटनमध्ये जा. तिथल्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या मोठ्या साखळीनं २०१२च्या जानेवारीत आपल्या नावातला ॲपॉस्ट्रॉफी काढून टाकला, तेव्हा व्याकरणप्रेमींनी गहजब केला. पण खरी गंमत त्यानंतरची. साखळीचे प्रमुख जेम्स डाँट हे मुळात स्वतंत्र दुकानदार. त्यांच्या काळात साउथवोल्ड, राय, हार्पेंडन अशा छोट्या गावांत शाखा निघाल्या, तेव्हा दारावर साखळीचं नावच लावलं नाही. ‘साउथवोल्ड बुक्स’ असं साधं, गावातलंच वाटावं असं नाव. हे उघडकीला आल्यावर टीकाही झाली. म्हणजे शेकडो दुकानांचा धनी वेश पालटून गल्लीतला दुकानदार व्हायला बघतो आहे, आणि तुम्ही गल्लीतल्या दुकानाला साखळीचा कोट शिवायला निघाला आहात. निघा, हरकत नाही. फक्त कोणाची नक्कल कोण करतंय ते ठाऊक असू द्या.

पायरी दुसरी: नाव

तुमच्या वहीत एव्हाना ‘द बुक नुक’, ‘पेज टर्नर’ आणि ‘किताबघर कॅफे’ ही तीन नावं लिहून झाली असतील. तिन्ही खोडा. पहिल्याचा उच्चार बाबांना येणार नाही, दुसऱ्याचा अर्थ आईला लागणार नाही, तिसऱ्यापायी कॉफीचं यंत्र घ्यावं लागेल आणि राजेंद्र नगरात सकाळी पोहे सोडून कॉफीला कोणी येणार नाही.

‘बुक डेपो’ जुनाट वाटतं, ही तक्रार मी ऐकली आहे. मुंबईत १९२४ साली निघालेला पॉप्युलर बुक डेपोही डेपोच होता आणि त्यातून मराठीतली एक मोठी प्रकाशनसंस्था उभी राहिली. डेपो म्हटल्यावर माल असेल असं वाटतं. ‘नुक’ म्हटल्यावर एक खुर्ची आणि एक कुंडी.

नाव नोंदवून घ्यायचं असेल तर ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला दर वर्गामागे ४,५०० रुपयांना पडतो. छापील मालाचा वर्ग १६, दुकानदारीचा ३५. नोंद झाली तर दहा वर्षांसाठी. मात्र नुसत्या ‘बुक डेपो’वर कोणाचा हक्क लागत नाही, ते मालाचं वर्णन झालं. हक्क लागला तर ‘अमुक’वर लागेल, आणि ‘अमुक’ हे बहुतेक वेळा आजीचं नाव असतं. तिला विचारून घ्या.

पायरी तिसरी: अक्षरं

या पायरीवर घाई करू नका. बाकीच्या सगळ्या चुका पुढच्या फ्लेक्सबरोबर उतरवता येतात, अक्षराची चूक मात्र घरात शिरते.

तुमची पहिली चाल अशी असेल: फोनवर एखादं आयतं डिझाइन उघडायचं, मराठीत नाव टाकायचं, सगळ्यात देखणा फॉन्ट निवडायचा आणि फाइल छापणाऱ्याकडं पाठवायची. छापणारा ती ‘कृतिदेव’मध्ये उघडेल. कृतिदेव हा युनिकोडच्या आधीच्या जमान्यातला फॉन्ट आहे आणि मध्य प्रदेशातल्या डीटीपीच्या दुकानांतून तो अजून गेलेला नाही. तुमच्या सुरेख नावाच्या जागी तिकडं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा दिसेल. छापणारा भला माणूस असतो. तो चुरा पुसून स्वतःच्या हातानं नाव टाइप करतो, सरस्वती मोठी करतो आणि फोन करतो: “दीदी, सेट कर दिया.” तेव्हा फाइल पाठवताना अक्षरं आकारात बदलून पाठवावीत, म्हणजे ती नुसतं चित्र बनतात आणि कोणाला ‘सेट’ करता येत नाहीत.

हे जमलं तरी ‘शालेय’ हा शब्द उरतो. त्यात श आणि ल शेजारी-शेजारी बसले आहेत, आणि दोघांचीही दोन-दोन रूपं आहेत. हिंदीतला ल उजवीकडच्या उभ्या दांडीला टेकून असतो. मराठीतल्या ल ला दांडी नाही. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या. श चीही तशीच हिंदी तऱ्हा वेगळी आणि मराठी वेगळी. महाराष्ट्र शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून आपल्यापुरता हा प्रश्न मिटवला. पण इंदूर त्या शासनाच्या हद्दीत नाही, आणि इंदूरची मराठी मुलं शाळेत हिंदी लिहायला शिकतात. तुमच्याच घरात पाहा. आजी पाकळ्यांचा ल लिहिते. बाबा हिशेबात पाकळ्यांचा लिहितात आणि बँकेच्या अर्जावर दांडीचा. तुम्ही दांडीचाच लिहिता, आणि तो वेगळा आहे हे तुम्हाला आत्ता, हे वाचताना कळतंय.

आता यंत्राचं ऐका. युनिकोडमध्ये ल एकच आहे. दोन रूपांना दोन क्रमांक दिलेले नाहीत. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं, आणि फॉन्ट करणाऱ्यानं ती सोय ठेवलेली असली, तरच पाकळ्या उमलतात. सांगितलं नाही तर बहुतेक फॉन्ट दांडी देतात. त्यामुळं तुमचा डिझायनर पुण्याचा असो वा इंदूरचा, त्यानं भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडलं नाही तर दुकानाची मातृभाषा कोणी न ठरवताच ठरून जाते. देवनागरीसाठी संगणकाला वळण लावण्यात र. कृ. जोशींसारख्या अक्षरकारानं कितीतरी वर्षं घातली. विंडोजमधला ‘मंगल’ त्यांच्याच हातचा. तिकडं कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावं अशी काढली की अक्षर पाहूनच कळावं, आत हसायचं आहे की रडायचं. या लोकांनी एवढं केल्यावर तुम्हाला एक रकाना भरायला काय होतं?

माझं मत विचाराल तर बोर्डावर पाकळ्यांचाच ल असावा. हिंदी गिऱ्हाईक तो न अडखळता वाचतं, त्याचं काही बिघडत नाही. आणि जी आजी नातवाचं बोट धरून येते, तिला ल बघूनच कळतं की इथं मराठीत विचारलेलं चालेल. हे काम कुठल्याही घोषवाक्याला जमणार नाही. बाबा मात्र म्हणतील, “लोक समजतील पेंटरची चूक झाली.” समजू द्या. चुकीवरून दुकान लक्षात राहतं.

पेंटर हा शब्द आलाच आहे तर सांगतो, जमलं तर बोर्ड छापून घेऊच नका, रंगवून घ्या. इंदुरात हे सांगायला संकोच वाटू नये. दत्तात्रय देवळालीकरांनी या शहरात चित्रकलेची शाळा चालवली. त्यांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे शिकले, विष्णू चिंचाळकर शिकले आणि मकबूल फिदा हुसेनही शिकले. हुसेन पुढं मुंबईला जाऊन सिनेमांची होर्डिंग्ज रंगवत होते, तेव्हा शिडीवर चढून रंगवणाऱ्याला कमी लेखण्याआधी तेवढं आठवावं. चिंचाळकरांना सगळं इंदूर ‘गुरुजी’ म्हणे. वाळकी पानं, काटक्या, फेकून दिलेले तुकडे यांतून ते चेहरे उभे करत, आणि ‘खुलते अक्षर खिलते अंक’ या पुस्तकात त्यांनी अक्षरांतूनच चित्रं काढून दाखवली. मुलांसाठीच्या त्या पुस्तकात बोधचिन्हाबद्दल जेवढं आहे तेवढं डिझायनरच्या साठ पानी सादरीकरणात मला तरी दिसलेलं नाही.

पेंटर सापडणं मात्र कठीण आहे. सापडला तर त्याला पैसे रोज संध्याकाळी द्या, एकदम देऊ नका. एकदम दिले तर ‘शालेय’मधला ‘य’ दिवाळीनंतर येईल.

पायरी चौथी: बोधचिन्ह

बंदी असलेल्या वस्तू: घुबड, उघडं पुस्तक, उघड्या पुस्तकातून उगवलेलं झाड, त्या झाडावरून उडणारे पक्षी, चष्मा घातलेला कोणताही प्राणी.

पेंग्विनची गोष्ट डिझायनर सांगणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. १९३५ साली ॲलन लेननं स्वस्त पुस्तकांची माला काढायची ठरवली, तेव्हा कचेरीतल्या एडवर्ड यंग या तरुणाला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात धाडलं. तो पेंग्विनची रेखाटनं काढून आला. दहा-बारा वर्षांनी यान चिखोल्ड या टायपोग्राफरनं येऊन तो पेंग्विन नीट घासूनपुसून दिला. पाहून काढणारा वेगळा आणि सुधारणारा वेगळा, हे त्यातलं घेण्यासारखं. तुम्ही आपल्या पुतण्याला वही देऊन नवलखाच्या प्राणिसंग्रहालयात धाडलंत तर तो वाघाचे फोटो आणि हातात भुट्टा घेऊन परत येईल. त्यापेक्षा त्याला दुकानाच्या दारात उभा करा आणि काय दिसतं ते काढायला सांगा.

त्याला दोन खिळे दिसतील. दाराच्या चौकटीत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. डिसेंबर लागला की एकावर ‘कालनिर्णय’ चढतं आणि दुसऱ्यावर जबलपूरचं ‘लाला रामस्वरूप’. बाहेरच्यांना वाटतं, एकाच वर्षाची दोन कॅलेंडरं कशाला? इथल्या माणसाला विचारावं लागत नाही. महाराष्ट्राचा महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो. वद्य पक्ष लागला की मराठी घर मागच्या महिन्यात राहतं आणि शेजारी पुढच्या महिन्यात जातात. म्हणून शेजारच्या शर्माजींकडं श्रावणी सोमवार सुरू होतात तेव्हा आपल्याकडं अजून आषाढ असतो, आणि त्यांचा श्रावण राखीला संपतो तेव्हा आपला अर्धा बाकी. कृष्णजन्म दोन्हीकडं एकाच रात्री; फक्त आपण श्रावण म्हणतो आणि ते भादो. शेजार सांभाळायचा तर दोन्ही कॅलेंडरं लागतात. काही घरं दोन्ही नेतात: एक स्वयंपाकघरात, एक हॉलमध्ये.

तर बोधचिन्ह म्हणून दोन खिळे घ्या. कॅलेंडरं घेता येणार नाहीत, त्यांची नावं त्यांच्या मालकांची आहेत. खिळे तुमचे आहेत. दोन ठिपके आणि त्यांच्या बारीक सावल्या. डिझायनर याला ‘मिनिमल’ म्हणेल आणि पैसे वाढवून मागेल. बाबा नवीन बोर्ड पाहून म्हणतील, “खिळे काढायचे राहून गेले वाटतं.” तिथं वाद घालू नका.

पायरी पाचवी: घोषवाक्य

गाळा. अगदीच राहवत नसेल तर ‘मराठीत की हिंदीत’ या प्रश्नावर महिना घालवा, म्हणजे उत्साह आपोआप ओसरेल. या शहराला दोन्हींची सवय जुनी आहे. १९३५ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरलं, अध्यक्ष औंधचे पंतप्रतिनिधी. त्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलनही इंदुरात, अध्यक्ष महात्मा गांधी. एवढं होऊनही दुकानाच्या दाराशी माणूस दोन्ही मिसळूनच बोलतो: “काका, ती चौकोनवाली कॉपी द्या ना, जाडी वाली.” हे वाक्य छापता येत असेल तर छापा. याहून खरं घोषवाक्य तुम्हाला सुचणार नाही, मलाही सुचलेलं नाही.

पायरी सहावी: बोर्ड आणि कायदा

महाराष्ट्रात २०२२ साली कायदा बदलून सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. इंदुरात मराठी पाटी कोणी मागत नाही आणि कोणी अडवतही नाही. म्हणजे तुमच्या बोर्डावर मराठी असली तर ती तुमच्या हौसेची असेल. दंडाच्या भीतीनं मोठी झालेली नसेल.

कायदा बोर्डावर एकच गोष्ट मागतो. दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल तर दारावरच्या नावाच्या पाटीवर तो क्रमांकही लिहायचा. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि मध्य प्रदेशात २३ पासून सुरू होतो. ‘अमुक बुक डेपो’पेक्षा तो लांब आहे. डिझायनर तो विसरतो, पेंटर तो शेवटी दाटीवाटीनं घालतो. तेव्हा आधी तो मांडा, मग उरलेल्या जागेत दुकान बसवा.

फ्लेक्स लावणारच असाल तर जाडी विचारून घ्या. १ जुलै २०२२पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या नि पीव्हीसीच्या बॅनरांवर देशभर बंदी आहे. आणि हे इंदूर आहे. स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर घेणाऱ्या शहरात पालिकेची गाडी सकाळी गाणं वाजवत येते आणि जाताना तुमच्या दाराकडं एक नजर टाकून जाते.

पायरी सातवी: आतली मांडणी

इन्स्टाग्रामवर पुस्तकं रंगांप्रमाणं लावलेली दुकानं दिसतात. तुमच्याकडं आधी काय आहे ते मोजा. चारांतली तीन कपाटं शाळेची: पाठ्यपुस्तकं, वह्या, प्रॅक्टिकलच्या फायली, खाकी कव्हरं. या दुकानाचं वर्ष एप्रिलमध्ये, शाळेचं नवं सत्र लागतं तेव्हा ठरतं. त्यातही काही शाळा आपल्या यादीतली पुस्तकं ठरावीक दुकानातूनच मिळतील अशी सोय करतात, त्याविरुद्ध प्रशासनाचे आदेश निघतात, आणि उरलेली गिऱ्हाइकं खजुरी बाजारात जाऊन घासाघीस करून येतात. ब्रँडिंगच्या पुस्तकांतलं दुकान कादंबऱ्या विकतं. तुमचं दुकान सातवीचा सेट विकतं. त्यामुळं दर्शनी भागात ‘या आठवड्याची निवड’ अशी चिठ्ठी लावायचीच असेल तर एप्रिलमध्ये ती गणिताच्या पुस्तकावर लावावी लागेल.

चौथं कपाट मात्र बघण्यासारखं. त्यात मराठी पुस्तकं आहेत, धार्मिक पोथ्या आहेत, आणि दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा फराळ मराठी माणसाला लागतो, इंदुरात तो पुण्या-मुंबईहून बसच्या डिकीतून येतो आणि पुष्कळदा तुळशीच्या लग्नापर्यंत येत राहतो. या कपाटाची मांडणी बाबांच्या डोक्यात आहे. ज्या काकूंना ऐतिहासिक कादंबरी लागते त्यांच्यासाठी ती डावीकडं खाली, कारण त्यांना वर हात पोचत नाही. एक निवृत्त मास्तर दर वर्षी तोच अंक घेतात, तो मागच्या रांगेत, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडणार नाही. ज्या पुस्तकाची चौकशी होते पण विक्री होत नाही ते डोळ्यांसमोर. तुम्ही हे सगळं निळं-हिरवं-पिवळं लावलंत तर फोटो छान येईल, आणि त्यानंतर बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला “उद्या या” म्हणतील.

म्हणून या कपाटाला हात लावू नका. त्याच्या वर फक्त ती ट्यूबलाइट लावा. हो, तीच, जी बाबांनी पहिल्या रात्री मागितली होती. लावल्यावर तुम्हालाच दिसेल की तिथं दोन रांगा पुस्तकं होती आणि मागची रांग आजवर कोणी पाहिलेली नव्हती.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बोर्ड बदलल्यावर लोक विचारतात, “भिया, दुकान विकलं काय?” काय सांगावं?
खरं सांगा, नाही विकलं. पण जरा थांबून सांगा. त्या मधल्या वेळात दोन-तीन जण जुनी उधारी घाईनं चुकती करून जातात.

गूगलच्या नकाशावर नवं नाव घालावं का?
घालावं. जुनंही ठेवावं, आणि ‘गिरणीच्या बाजूला’ हेही लिहावं. कारण शोधणारा तेच बोलतो.

गिरणी बंद पडली तर?
मॅजेस्टिकचा परिच्छेद पुन्हा वाचा.

बाबांनी नव्या बोर्डाच्या कोपऱ्यात गुपचूप सरस्वती चिकटवली आहे. काढू का?
अजिबात नको. तिच्या शेजारी मोबाइलची जाहिरात परत आलेली नाही ना, एवढं बघा.

कापडी पिशवीवर दोन खिळे छापून घेतले. दहावीचं गाइड घेणाऱ्याला ती फुकट द्यावी का?
पिशवीचे वीस रुपये सांगा. तो गाइड काखेत मारून जाईल आणि पिशव्या पुढच्या वर्षीही नव्याच राहतील. पातळ प्लास्टिकच्या थैल्या मात्र काउंटरखालून काढून टाका. १२० मायक्रॉनच्या खालच्या थैल्यांवर २०२२च्या अखेरपासून बंदी आहे, आणि बाबांनी त्यांचा एक गठ्ठा वरच्या फळीवर, स्पर्धा परीक्षांच्या मागं जपून ठेवला आहे.